फ्लेमिंगोंसाठी काम करायचंय? आधी तिथी बघा

दरवर्षी डिसेंबर लागला आणि कुणीतरी गुलाबी थव्याचा व्हिडिओ टाकला की मला मेसेज यायला लागतात, ताई आम्हाला पण व्हॉलंटियरिंग करायचंय, येत्या रविवारी आहे का काही? आणि माझं उत्तर ठरलेलं, थांब, तिथी बघून सांगते. पोरांना वाटतं ताई चेष्टा करतेय किंवा टाळतेय. पण खाडीत काम करायचं तर रविवार-सोमवार बघून चालत नाही, चंद्र बघावा लागतो. सहा वर्षं मी मुलुंडहून या खाडीवर जातेय आणि जे काही शिकले त्यातलं निम्मं एवढंच आहे, बाकीचं निम्मं चिखलात पडून शिकले. दरवेळी वेगवेगळं टाइप करून हात दुखले म्हणून एकदाच सगळं इथे लिहितेय.

आधी जागा कुठली ते सांगते कारण यातच घोळ होतो. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य म्हणजे अख्खी खाडी नाही. ऐरोलीचा पूल आणि वाशीचा पूल यांच्या मधला, मुंबईच्या बाजूचा पट्टा, म्हणजे भांडुप कांजूर विक्रोळी घाटकोपर ही जी स्टेशनं आपण लोकलमधून झोपेत काढतो त्यांच्या मागे हे अभयारण्य आहे. ऑगस्ट २०१५ मध्ये जाहीर झालं, एकूण साधारण १,६९० हेक्टर, त्यातलं ८९६ हेक्टर तिवरांचं म्हणजे खारफुटीचं जंगल आणि बाकी ७९४ हेक्टर पाणी आणि चिखल. मालवणनंतरचं राज्यातलं दुसरं सागरी अभयारण्य. २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर दर्जा (म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) मिळाला, ते क्षेत्र मात्र अभयारण्यापेक्षा बरंच मोठं आहे. शिवडीची जेट्टी, नेरुळ-सीवूड्सची तळी, उरणची खाजणं हे सगळं अभयारण्याच्या हद्दीबाहेर, पण पक्ष्यांना कुठे हद्द माहितीय, भरतीला खाडीत उभं राहायला जागा उरली नाही की ते उडून तिकडे जाऊन बसतात. म्हणजे नेरुळचं एखादं तळं बुजलं तर मार भांडुपच्या पक्ष्याला बसतो. हे डोक्यात असू द्या.

आता परवानगी. अभयारण्य आहे म्हटल्यावर १९७२ चा वन्यजीव कायदा लागू, त्यात परवानगीशिवाय आत शिरायचं नाही असं स्वच्छ लिहिलंय, तुम्ही कचरा उचलायला गेलात म्हणून सूट नाही. हे सगळं वनखात्याच्या कांदळवन कक्षाकडे (कांदळवन म्हणजे हीच तिवरं) आहे. सगळ्यात सोपं म्हणजे ऐरोलीला त्यांचं किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्र आहे तिथे एकदा जाऊन या, बोटीची सफर पण तिथूनच सुटते (ती पण भरतीच्या वेळेवर बरं का, घड्याळावर नाही), तिथल्या लोकांशी बोला, तुमच्या भागातलं रेंज ऑफिस कुठे ते विचारा आणि मग साध्या कागदावर अर्ज करा. अर्जात किती जण, कुठे, कुठल्या दिवशी, काय करणार आणि काढलेला कचरा कुठे नेणार हे लिहा. शेवटचा मुद्दा लोक हमखास विसरतात. सफाई सगळ्यांना करायची असते, पण भरलेल्या चाळीस गोण्या रस्त्याच्या कडेला ठेवून गेलात तर पुढच्या उधाणाला त्या परत खाडीत, म्हणून महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसला आधी सांगून गाडी ठरवूनच ठेवायची.

अर्ज दिला आणि उत्तर आलं नाही तर परत जा. फोनपेक्षा प्रत्यक्ष गेलेलं बरं. वनरक्षक मंडळींकडे माणसं कमी आणि हद्द मोठी, त्यांना रोज कुणीतरी उत्साही येऊन भेटतो आणि पुन्हा दिसत नाही, त्यामुळे पहिल्या भेटीत ते तुम्हाला फारसं मनावर घेणार नाहीत आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. मी तिसऱ्यांदा गेले तेव्हा साहेबांनी चहा मागवला. आणि तेव्हाच मी पहिल्यांदा विचारलं की तुम्हाला नेमकं काय हवंय, तर ते म्हणाले मॅडम आम्हाला माणसं नकोत, आम्हाला महिन्याला एकच माणूस हवाय जो त्याच जागी येऊन तेच मोजेल. तोपर्यंत मी पन्नास जणांची टीम उभी करायची स्वप्नं बघत होते.

तर आता तिथी. कोळीवाड्यातल्या कुणालाही विचारा, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. म्हणजे आज पंचमी असेल तर पाच गुणिले पाऊण, पावणेचार, म्हणजे दुपारी पावणेचारच्या आसपास भरती आणि रात्रीही साधारण तशीच. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा येतं, प्रत्यक्षात बाराच्या आसपास असते. शुद्ध असो वा वद्य, हिशेब तोच. अर्धा तास इकडे-तिकडे धरायचा. मोबाईलवर भरतीचं टेबल मिळतंच, ते जरूर बघा, पण ते सहसा अपोलो बंदरचं असतं आणि खाडीत आत भांडुप-ऐरोलीपर्यंत पाणी यायला त्याहून जरा वेळ लागतो हे लक्षात ठेवा. दुसरं म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं, अष्टमीच्या आसपास भांग, पाणी कमी चढतं कमी उतरतं.

आता हे दोन्ही एकत्र करा, तुमचं महिन्याचं वेळापत्रक आपोआप तयार. उधाणाचं पाणी तिवरांमध्ये पार आत शिरतं आणि जाताना सगळा कचरा वरच्या फांद्यांत आणि मुळांत अडकवून जातं. आठ दिवसांनी अष्टमी आली की पाणी तिथपर्यंत पोचतच नाही, शिवाय भरती सकाळी सहाला होऊन गेलेली असते त्यामुळे आठ ते बारा पाणी उतरत असतं, अडकायची भीती कमी. म्हणजे सफाई अष्टमीला. आणि मोजणी पौर्णिमा-अमावास्येला, कारण भरती बाराला, सकाळी सहाला पाणी एकदम तळाला असतं तेव्हा पक्षी लांब चिखलावर पांगलेले, मग पाणी चढायला लागतं आणि त्यांना ढकलत ढकलत काठाकडे आणतं, साडेनऊ ते साडेदहा हा तास सोन्याचा, थवे जवळ येतात, दाट होतात आणि अजून उडालेले नसतात. रविवारच हवा असेल तर अष्टमीच्या किंवा पौर्णिमेच्या जवळचा रविवार धरा, एक-दोन दिवस मागेपुढे चालतं. पण चतुर्थीच्या रविवारी सकाळी पक्षी बघायला शंभर जणांना बोलावून लांबवर चिखलातले गुलाबी ठिपके दाखवत बसू नका, मी हे केलंय, लोक परत येत नाहीत.

एक साधी गोष्ट जी मला कुणीच सांगितली नव्हती. भांडुपच्या बाजूने सकाळी खाडीकडे बघितलं की सूर्य थेट डोळ्यात, सगळे पक्षी काळे दिसतात, मोठा रोहित काय आणि छोटा रोहित काय (रोहित म्हणजे आपला फ्लेमिंगोच, त्याच्या या दोन जाती). सकाळची मोजणी ऐरोलीच्या बाजूने, सूर्य पाठीशी. दुपारनंतरची भांडुप-विक्रोळीच्या बाजूने. शिवडीला पण दुपारीच जायचं.

सफाईबद्दल थोडं सविस्तर लिहिते कारण सगळे तिथूनच सुरुवात करतात.

बूट. गमबूट चांगले दिसतात पण खोल चिखलात ते पाय सोडतात, म्हणजे पाय बाहेर येतो आणि बूट तिथेच राहतो. जुने लेसवाले कॅनव्हासचे बूट, लेस घट्ट, आत जाड मोजे. चपला अजिबात नको, अनवाणी तर मुळीच नको, चिखलात काच असते, सुया असतात, कालवांची शिंपली असतात जी ब्लेडसारखी कापतात. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं असू द्या. जाड रबरी हातमोजे. पाण्याची बाटली स्वतःची, स्टीलची. गुडघ्यापर्यंत रुतलात तर पाय झटक्याने ओढू नका, जेवढं ओढाल तेवढा चिखल खाली खेचतो, मागे रेला, बसलात तरी चालेल, टाच हलवत हलवत बुटाच्या बाजूने हवा-पाणी आत जाऊ द्या मग सुटतो. माझा पहिला दिवस असाच गेला, मी रुतलेली आणि तिघं जण फोटो काढतायत.

आता तिवर म्हणजे काय ते जरा वाकून बघा. झाडाच्या आजूबाजूला चिखलातून पेन्सिली उभ्या केल्यासारखी मुळं वर आलेली दिसतात, ती श्वासाची मुळं. चिखलात हवा नाही म्हणून झाड त्यांच्यातून श्वास घेतं. प्लास्टिकची पिशवी त्या पेन्सिलींवर बसली की त्यांना प्लास्टर केल्यासारखं होतं. आणि ती पिशवी वरवरची कधीच नसते. दुधाच्या पिशवीचा निळा कोपरा दिसतो म्हणून ओढायला जावं तर ती हातभर खाली गेलेली, आत गाळ भरलेला, तिच्यातूनच दोन मुळं आरपार उगवलेली, एका मुळाला चिकटून गोगलगाय, खालच्या बिळातून निवटी (चिखलात उड्या मारणारा छोटा मासा) टुणकन उडी मारून पळते. इथे ओढायचं नाही. ओढलं तर मुळं तुटतात. कात्रीने पिशवी कापायची, गाळ तिथेच सोडायचा, मुळाच्या भोवतीचा तुकडा सोडवून घ्यायचा. एका पिशवीला पाच मिनिटं लागतात. म्हणून मी म्हणते वीस जण आणि दहा कात्र्या पुरे, दोनशे जण आले तर कोवळी रोपंच तुडवली जातात.

आणि ते वजनाचं. सफाई झाली की तीन टन कचरा काढला असं लिहायची फॅशन आहे. त्यातले दोन टन गाळ असतो हो. गाळ म्हणजे खाडीचं अन्न, तो कशाला काढून आणायचा? गोणीत टाकण्याआधी झटका, पाणी निथळू द्या, मग वजन करा. आकडा लहान येईल, येऊ दे. त्यापेक्षा कामाचं म्हणजे काय निघालं त्याची नोंद, थर्माकोल किती, दुधाच्या पिशव्या किती, गुटख्याच्या पुड्या, चपला, औषधांची पाकिटं, देवाचे फोटो. आमच्या जागेवर दरवेळी चपला निघतात आणि त्या बहुतेक डाव्या, का ते देव जाणे. गणपती आणि नवरात्रानंतर निर्माल्याच्या पिशव्यांचा ढीग असतो, फुलं कुजून गेलेली आणि पिशवी तशीच गाठ मारलेली. पुलावरून टाकताना लोक गाठ सोडत नाहीत. हीच नोंद पुढे महापालिकेला निर्माल्य कलश कुठे ठेवायचा ते सांगताना कामाला येते.

जाळी दिसली तर मात्र थांबा. आमच्या ग्रुपने दुसऱ्याच वर्षी एक मोठी चूक केली, तिवरांच्या कडेला गुंता झालेलं एक हिरवं जाळं पडलं होतं, आम्हाला वाटलं टाकून दिलंय, मोठ्या उत्साहाने कापून तीन गोण्या भरल्या. अर्ध्या तासाने एक म्हातारे दादा होडीतून आले आणि गोणीकडे बघून एक शब्द बोलले नाहीत, नुसते काठावर बसले. जाळं त्यांचं होतं, दुरुस्तीला काढून ठेवलेलं. आम्ही वर्गणी काढून पैसे दिले पण तो दिवस काही केल्या डोक्यातून जात नाही. खाडीवर कोळी आणि आगरी माणसं पिढ्यानपिढ्या मासे, चिंबोऱ्या, कालवं धरतात, अभयारण्य काल झालं. पहिल्या आठवड्यात कोळीवाड्यात जाऊन ओळख करून घ्या, कुठलं जाळं कुणाचं, कुठे पाय घालायचा नाही, पाणी कधी वळतं, हे सगळं ज्ञान तिथे आहे. त्याच दादांनी पुढे आम्हाला दोनदा वेळेवर हाक मारून बाहेर काढलं, "पानी चढतंय, निगा आता" एवढंच म्हणतात, मग वाद न घालता निघायचं. माझ्या मोबाईलमधलं टेबल तेव्हा अजून चाळीस मिनिटं आहेत म्हणत होतं.

मोजणीकडे येते. हे खरं मला सगळ्यात आवडणारं काम आणि याला सगळ्यात कमी लोक टिकतात कारण कंटाळवाणं आहे. ठरलेली जागा, ठरलेली तिथी, नोव्हेंबर ते मे, दर पंधरवड्याला. फ्लेमिंगो इथे मुख्यतः गुजरातकडून, कच्छच्या रणाकडून येतात, तिकडे त्यांची वीण होते, आणि साधारण नोव्हेंबरपासून मे अखेरपर्यंत इथे असतात, काही मंडळी पावसाळ्यातही रेंगाळतात. थवा समोर आला की एक एक मोजायच्या भानगडीत पडू नका. आधी दहा पक्षी मोजा, ते दहा डोळ्याला केवढे दिसतात ते बघा, मग तसे दहा मिळून शंभर केवढे ते बघा, आणि मग तो शंभराचा ठोकळा थव्यावर ठेवत ठेवत पुढे सरका. दोघांनी वेगवेगळं मोजायचं, एकमेकांना न सांगता लिहायचं, मग जुळवायचं. सुरुवातीला एकाचे आठशे आणि दुसऱ्याचे दोन हजार येतात, यात लाजण्यासारखं काही नाही, दोन महिन्यांत अंतर कमी होतं. चांगल्या वर्षी मुंबई-नवी मुंबईत मिळून लाखावर फ्लेमिंगो असतात, तेव्हा तुमचे वीसपंचवीस चुकले तरी चालतील, पण पद्धत दर वेळी तीच हवी.

मोठा आणि छोटा रोहित ओळखायला चोच बघा. छोट्याची चोच गडद लाल, लांबून काळीच दिसते, आणि अंग जास्त गुलाबी. मोठा उंच, मान लांब, अंग जवळजवळ पांढरं आणि चोच गुलाबी फक्त टोकाला काळी. पोरं म्हणजे यंदाची पिल्लं राखाडी-तपकिरी असतात, त्यांचा रकाना वेगळा ठेवा, रणात वीण कशी झाली त्याचा अंदाज त्यावरून येतो. गुलाबी रंग जन्माचा नसतो, पाण्यातल्या शेवाळातून आणि बारीक जिवांमधून अंगात उतरतो, आणि ठाणे खाडीत ते शेवाळ एवढं माजतं त्यात आपल्या सगळ्यांच्या सांडपाण्याचा मोठा वाटा आहे. हे ऐकून शाळेतली पोरं ईईई करतात आणि मग अर्धा तास गप्प बसून ऐकतात, लक्षात ठेवा, शाळेच्या सहलीला उपयोगी पडतं.

फ्लेमिंगो बघताना बाकीच्यांना विसरू नका. शेकाट्या, उचाट्या, तुतवार, चिखले, कुरव, सुरय, चित्रबलाक, वरती घिरट्या मारणारा भोवत्या, सगळ्यांची नोंद करा. पक्ष्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या ईबर्ड अ‍ॅपवर टाकली तर ती अभ्यासकांना वापरता येते, नुसती ग्रुपवर टाकली तर दोन दिवसांत गुड मॉर्निंगच्या खाली गाडली जाते. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते, १९८७ पासून चालू आहे, बीएनएचएसचे (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे) लोक त्यात असतात, नवख्यांनी त्यात एकदा तरी जावं, एका सकाळी जे शिकाल ते वर्षभर पुस्तक वाचून होत नाही. आणि पहाटे पोचलात आणि तिवरांच्या कडेने कुत्र्यासारखं काहीतरी दबकत गेलं तर नीट बघा, तो सोनेरी कोल्हा असू शकतो. मुंबईत कोल्हा आहे हे मुंबईतल्या निम्म्या लोकांना खरं वाटत नाही. दिसला तर जागा सोशल मीडियावर लिहू नका, वनखात्याला सांगा.

फोटोवाल्यांना एक विनंती, थवा उडवायचा नाही. उडतानाचा फोटो छान येतो म्हणून टाळ्या वाजवणारे, होडी आत घालायला सांगणारे मी बघितलेत. पक्षी उडाला की त्याचं खाणं मोडतं आणि भरतीच्या आधीचे ते दोन तास त्याला पोटभर खायचं असतं. ड्रोन तर नाहीच नाही.

आता झाडं लावणं. इथे माझं कुणाशी पटत नाही आणि दरवर्षी जूनमध्ये भांडण होतं. पाच जूनला, पर्यावरण दिनाला, प्रत्येकाला तिवरं लावायची असतात, कुठे, तर मोकळ्या चिखलावर, कारण तिथे मोकळं दिसतं. अहो तो मोकळा चिखल म्हणजेच फ्लेमिंगोचं ताट आहे! तिथे झाडं लावली तर पक्षी जाणार कुठे? ठाणे खाडीत गाळ साचून तिवरं आपणहून चिखलावर पसरतायत, तिथे आपण अजून भर घालायची गरज नाही. तिवर लावायचं ते जिथे पूर्वी होतं आणि तोडलं गेलं तिथे, तेही खात्याने जागा दाखवल्यावर, आणि त्याआधी तिथे भरतीचं पाणी येतंय का ते बघून. बऱ्याचदा भराव टाकून पाण्याची वाट अडवलेली असते, ती मोकळी केली की बिया आपोआप वाहत येतात आणि रुजतात, रोपं विकत आणावी लागत नाहीत. पांढरी चिपी ही तिवराचीच एक जात २०२० मध्ये राज्याचा कांदळवन वृक्ष म्हणून जाहीर झाली, छान झालं, पण म्हणून कुठेही नेऊन पांढरी चिपी लावायची असं होत नाही.

दोन वर्षांपूर्वी एका मोठ्या कंपनीचे साठ जण आले होते, सगळ्यांना सारखे टीशर्ट, बॅनर, टोप्या. वीस मिनिटं फोटो, चाळीस रोपं, त्यातली अर्धी उलटी लावली (बी कुठल्या बाजूने रोवायचं ते सांगेपर्यंत कार्यक्रम संपला), आणि गेल्यावर आम्ही साठ पाण्याच्या बाटल्या उचलल्या. तेव्हापासून आमचा नियम, कंपनीवाले आले तर स्वागत आहे पण अष्टमीला, वीसच जण, बॅनर नाही, आणि सहा महिन्यांतून निदान तीनदा यायचं कबूल असेल तरच. बहुतेक जण पुन्हा फोन करत नाहीत. ज्यांनी केला त्यातली दोन पोरं आज मोजणीला येतात.

डेब्रिज. रात्री ट्रक येतात आणि बांधकामाचा राडारोडा तिवरांवर ओततात, सकाळी बघावं तर नवीन जमीन. २०१८ मध्ये मुंबई हायकोर्टाने स्पष्ट सांगितलंय की तिवरं तोडायची नाहीत आणि तिवरांभोवती पन्नास मीटरपर्यंत बांधकाम करायचं नाही, त्यामुळे कायदा तुमच्या बाजूने आहे, पण ट्रकवाल्यासमोर छाती काढून उभं राहायचं नाही. एकटीदुकटीने तर नाहीच. लांबून फोटो, लोकेशन चालू ठेवून, तारीख-वेळ, गाडीचा नंबर दिसला तर, आणि मग लेखी तक्रार कांदळवन कक्षाला, प्रत पोलीस ठाण्याला आणि महापालिकेला. तक्रारीचा नंबर वहीत लिहा. पंधरा दिवसांनी त्याच जागेचा त्याच कोनातून परत फोटो. माझ्याकडे एका कोपऱ्याचे असे तीन वर्षांचे फोटो आहेत, मागे तीच मोबाईल टॉवरची खूण, आणि पुढे चिखल इंचाइंचाने कमी होत गेलेला. सुनावणीत भाषणापेक्षा ते फोटो जास्त बोलले.

जखमी पक्षी सापडला तर वनखात्याची हेल्पलाइन १९२६, हॅलो फॉरेस्ट म्हणतात, आत्ताच मोबाईलमध्ये सेव्ह करा. गाडी येईपर्यंत पक्ष्यावर हलकं सुती कापड टाका, डोळ्यापुढे अंधार झाला की तो शांत होतो, हवेची भोकं असलेल्या खोक्यात सावलीत ठेवा, आणि बस. चोचीत पाणी ओतू नका, बिस्किट-भात भरवू नका, सेल्फी नको, घरी नेऊन पाळायचं तर नावही काढू नका, तो गुन्हा आहे. फ्लेमिंगोचे पाय काडीसारखे असतात, खोक्यात कोंबताना मोडतात, म्हणून मोठा पक्षी असेल तर कापड टाकून गर्दी लांब ठेवणं एवढंच आपलं काम, धरायचं शिकलेल्या माणसाने. संक्रांतीच्या आधी आणि नंतर पंधरा दिवस मांजा गोळा करायला या, नायलॉन मांजावर २०१७ पासून देशभर बंदी आहे पण तिवरांच्या शेंड्यावर तो दरवर्षी नवा लटकलेला असतोच.

मेलेला पक्षी सापडला तरी कळवायचं. मे २०२४ मध्ये घाटकोपरला रात्री थव्याला विमान धडकलं आणि तीसहून जास्त फ्लेमिंगो वस्तीत येऊन पडले. अशा वेळी पिसं आठवण म्हणून खिशात घालू नका, पक्षी हलवू नका, तपासणीला जसेच्या तसे लागतात.

ग्रुप चालवायचा असेल तर अजून थोडं. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फक्त अ‍ॅडमिनला लिहू द्या, नाहीतर तिसऱ्या दिवशी कुणीतरी मटणाच्या पार्टीचं ठरवतं. एक वही ठेवा, खरी कागदाची, मोबाईल चिखलात पडतो. आत जाताना किती जण आणि बाहेर येताना किती जण ते मोजा, पक्षी नंतर. लहान मुलं काठावरच, त्यांना दुर्बीण द्या आणि निवट्या मोजायला सांगा, तासभर हलत नाहीत. दहातले सात जण दुसऱ्या महिन्यात गळतात, ते धरूनच चला आणि त्यांच्यावर रागावू नका, त्यातलेच दोघं दोन वर्षांनी परत येतात.

पावसाळ्यात खाडीत उतरायचं नाही. जून ते सप्टेंबर वहीतले आकडे अ‍ॅपवर चढवणे, शाळांमध्ये जाणे, गणपतीच्या आधी मंडळांना भेटून निर्माल्य वेगळं गोळा करायला लावणे, कोळीवाड्यात नारळी पौर्णिमेला बोलावलं तर न चुकता जाणे, आणि अर्ज. पुढच्या हंगामाची परवानगी ऑगस्टमध्येच मागा, नोव्हेंबरमध्ये मागितली तर जानेवारीत मिळते.

आणि हो, परतीची तयारी. खाडीचा काळा चिखल अंगाला लागला की सडलेल्या अंड्यासारखा वास येतो आणि आपल्याला तो दहा मिनिटांनी जाणवेनासा होतो, बाजूच्या माणसाला मात्र घाटकोपरपासून ठाण्यापर्यंत जाणवतो. बदलायचे कपडे, एक मोठी बाटली पाणी पाय धुवायला, ओले बूट ठेवायला जाड पिशवी आणि सीटवर अंथरायला जुना पेपर न्या. पेपर नसेल तर दारात उभ्या राहा. घरी गेल्यावर कपडे आधी गार पाण्यात भिजवा, गरम पाण्यात टाकलेत तर डाग पक्का बसतो, आणि आईच्या कपड्यांबरोबर मशीनमध्ये चुकूनही टाकू नका.